बीदरची इन्शा-परंपरा आणि संशोधक विद्यार्थ्यांचे लेखन-कौशल्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

संशोधन करणे आणि केलेले संशोधन इतरांपर्यंत नीट पोहोचविणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी विद्यार्थी चार-पाच वर्षे झटतो. दुसऱ्या कामासाठी मात्र त्याला फारसे कोणी शिकवीत नाही. मार्गदर्शकाला पत्र कसे लिहावे, चर्चासत्रात पंधरा मिनिटांत आपला मुद्दा कसा मांडावा, शोधनिबंधाचा सारांश कसा करावा, परीक्षकाच्या आक्षेपाला उत्तर कसे द्यावे, या गोष्टी तो ठेचा खात शिकतो. अलीकडे या गोष्टींना 'संप्रेषण कौशल्ये' असे नाव मिळाले असून त्यांचे वर्गही चालतात. परंतु या वर्गांत पुष्कळदा दोन समजुती रूढ झालेल्या दिसतात. संप्रेषण म्हणजे सफाईदार इंग्रजी, ही पहिली. आणि हे शास्त्र आपल्याकडे नव्याने आले आहे, ही दुसरी.

हुमनाबाद, बीदर, कलबुर्गी या सीमाभागाचा इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. हुमनाबादहून बीदर जवळच आहे. त्या बीदरमध्ये पंधराव्या शतकात एका वजिराने लेखन-संप्रेषणाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, स्वतःच्या पत्रांचा संग्रह केला आणि उच्च शिक्षणाचा मदरसा उभारला. त्याच वजिराचा अंत एका बनावट पत्रामुळे झाला. हा इतिहास आजच्या संशोधक विद्यार्थ्याला काय शिकवितो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ख्वाजा महमूद गावान आणि त्यांचा मदरसा

ख्वाजा इमादुद्दीन महमूद गावान हे मूळचे इराणच्या गीलान प्रांतातले. इ.स. १४५३ च्या सुमारास ते दाभोळ बंदरात उतरले आणि तेथून बीदरला आले. त्या वेळी बहमनी गादीवर सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा होता. व्यापाराच्या निमित्ताने आलेला हा विद्वान बीदरचाच झाला. पुढे 'मलिक-उत्-तुज्जार' व 'ख्वाजा-ए-जहाँ' हे किताब त्यांना मिळाले आणि सुलतान मुहम्मदशाह तिसरा याच्या कारकिर्दीत ते राज्याचे वजीर म्हणून कारभार पाहू लागले. इ.स. १४७२ मध्ये त्यांनी गोवा जिंकून घेतला. याच काळात बीदरला आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनातही मलिक-उत्-तुज्जार यांचा उल्लेख येतो.

गोव्याची मोहीम झाली त्याच वर्षी, इ.स. १४७२ मध्ये, बीदरचा मदरसा पूर्ण झाला. ही तीन मजली इमारत होती. तिच्यात व्याख्यानाची दालने, मशीद, ग्रंथालय आणि विद्यार्थी-अध्यापकांच्या निवासाच्या खोल्या होत्या. दर्शनी भागावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांच्या चकचकीत फरशा बसविलेल्या होत्या. त्यांपैकी काही आजही दिसतात. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे परंपरेने सांगितले जाते. औरंगजेबाच्या काळात या वास्तूत दारूगोळा ठेवला गेला आणि इ.स. १६९६ च्या सुमारास झालेल्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला. दोन मिनारांपैकी एकच आज उभा आहे.

मदरशात शिकविण्यासाठी नामवंत विद्वानांना बोलावण्याचे प्रयत्न गावान यांनी पत्रांद्वारे केले. हेरातचे कवी व विद्वान मौलाना अब्दुर्रहमान जामी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. जामी बीदरला आले नाहीत. परंतु त्यांच्या पत्रसंग्रहात गावान यांना लिहिलेली पत्रे आढळतात. बीदरसारख्या दूरच्या शहराचा विद्याजगताशी संबंध राहिला तो अशा पत्रांमुळे. आजचा संशोधक विद्यार्थी परगावच्या अभ्यासकाला ई-मेल पाठवितो तेव्हा तो याच मार्गाने जात असतो. फरक इतकाच की, तेव्हाचे पत्र पोहोचायला महिने लागत, म्हणून लिहिणारा चार वेळा विचार करून लिहीत असे.

'मनाझिर-उल-इन्शा' : लेखनाचे शास्त्र

अरबी-फार्सी परंपरेत गद्यरचनेच्या, विशेषतः पत्रलेखनाच्या, विद्येला 'इन्शा' म्हणतात. ही विद्या जाणणारा तो 'मुन्शी'. पुढे हा शब्द मराठी व उर्दूत केवळ कारकून या अर्थाने घसरला. मुळात मात्र मुन्शी हा राज्याचा शब्द सांभाळणारा जबाबदार विद्वान होता.

गावान यांचे या विषयावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध आहेत. 'मनाझिर-उल-इन्शा' हा शास्त्रग्रंथ, तर 'रियाझ-उल-इन्शा' हा त्यांच्या पत्रांचा संग्रह. पहिल्यात नियम आहेत आणि दुसऱ्यात त्या नियमांचा उपयोग. सिद्धांत सांगणाऱ्याने स्वतःचे लेखनही वाचकांपुढे तपासणीसाठी ठेवावे, ही गोष्ट आजही विरळाच आढळते. 'रियाझ-उल-इन्शा'ची चाँद बिन हुसेन यांनी संपादिलेली आवृत्ती इ.स. १९४८ मध्ये हैदराबादहून प्रसिद्ध झाली. त्याआधी, इ.स. १९४२ मध्ये, प्रा. हारून खान शेरवानी यांनी गावान यांच्यावर लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात या पत्रांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग केला होता. उस्मानी सुलतान, गुजरात व माळव्याचे दरबार, मध्य आशियातील सूफी, इराणातील विद्वान आणि स्वतःचे आप्त, अशा अनेकांना ही पत्रे लिहिलेली आहेत. काही पत्रे कोकणच्या मोहिमेतील छावणीतून गेलेली आहेत.

इन्शाशास्त्रातील तीन तत्त्वे संशोधक विद्यार्थ्याने विशेष लक्षात घेण्यासारखी आहेत.

पहिले तत्त्व वाचकाविषयीचे. पत्र वरिष्ठाला आहे, बरोबरीच्याला आहे की कनिष्ठाला, यावरून त्याचा मायना, किताब, विनंतीची भाषा आणि लांबी ठरत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर एकच संशोधन प्रबंधात वेगळ्या रीतीने लिहावे लागते, चर्चासत्रात वेगळ्या रीतीने बोलावे लागते आणि गावातल्या शाळेत सांगायचे झाले तर तिसऱ्याच रीतीने सांगावे लागते. प्रबंधाचे प्रकरणच चर्चासत्रात वाचून दाखविणारा विद्यार्थी या पहिल्या तत्त्वापाशीच चुकतो.

दुसरे तत्त्व रचनेचे. आरंभ, संबोधन, प्रयोजन, हकीकत, विनंती आणि समाप्ती, असा पत्राच्या अंगांचा क्रम ठरलेला असे. वाचकाला कोणती गोष्ट कोठे सापडेल, हे त्याला आधीच ठाऊक असे. शोधनिबंधातील सारांश, समस्या, साधने, विवेचन व निष्कर्ष हा क्रम याच गरजेतून आलेला आहे.

तिसरे तत्त्व फसाहत आणि बलाघत यांचे. शब्द शुद्ध व सुबोध असणे ही फसाहत. आणि बोलणे प्रसंगाला अनुरूप असणे ही बलाघत. गावान यांची स्वतःची फार्सी अलंकारांनी भरलेली आहे आणि आजच्या संशोधनाला ती शैली चालणार नाही. मात्र अलंकार हा त्या दरबारी वाचकाच्या अपेक्षेचा भाग होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. आजच्या वाचकाची अपेक्षा नेमकेपणाची आहे. बलाघतीचा नियम तोच राहिला, प्रसंग बदलला.

मसुद्यापासून मायन्यापर्यंत : मराठीतील वारसा

ही विद्या फार्सीपुरती राहिली नाही. बहमनी राज्यानंतर बीदरची बरीदशाही, विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या कारभारात मराठी लिहिणारे कुलकर्णी, देशपांडे व चिटणीस फार्सी मुन्शींच्या शेजारी बसले. फार्सी व मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिलेली फर्माने आजही दप्तरांत सापडतात. मराठीतही कारभारी लेखनाचे व पत्रांच्या मायन्यांचे नियम सांगणारी 'मेस्तके' होती व त्यांचा संबंध परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. म्हणजे या भूमीत लेखनाच्या दोन परंपरा एकमेकींना भेटल्या.

या भेटीची खूण मराठी भाषेतच राहिली आहे. कागद, दप्तर, मसुदा, नक्कल, तपशील, मजकूर, मायना, अर्ज, दाखला, शेरा, तारीख हे सारे लेखन-व्यवहाराचे शब्द अरबी-फार्सीतून आले. त्यांतील 'मसुदा' या शब्दाचा मूळ अर्थ विचार करण्यासारखा आहे. अरबीत तो 'काळा केलेला' या अर्थाच्या शब्दावरून येतो. खाडाखोडीने काळा झालेला कागद म्हणजे मसुदा. त्यावरून केलेली स्वच्छ प्रत म्हणजे 'मुबैयझा', अर्थात पांढरी केलेली. पहिला कागद काळा झाल्याशिवाय दुसरा पांढरा होत नाही, हे जुन्या मुन्शींनी शब्दातच सांगून ठेवले आहे. पहिलाच खर्डा मार्गदर्शकाच्या हाती देणाऱ्या विद्यार्थ्याने हा शब्द लक्षात ठेवावा.

मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फार्सीच्या प्रभावाविषयी उर्दूत पुस्तक लिहिले, तर माधव त्र्यंबक पटवर्धन म्हणजेच कवी माधव जूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' इ.स. १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूने उर्दूच्या अभ्यासकाने मराठीकडे पाहिले, दुसऱ्या बाजूने मराठी कवीने फार्सीकडे. सीमाभागातील विद्यार्थ्याला ही दोन्ही पुस्तके आपलीच वाटावीत, अशी आहेत.

तथापि समान शब्द हे दुधारी असतात. 'खुलासा' म्हणजे उर्दूत सारांश, तर मराठीत स्पष्टीकरण. 'राजीनामा' मराठीत व कन्नडमध्ये पद सोडण्याचे पत्र, तर उर्दूत 'राझीनामा' म्हणजे समझोत्याचा लेख. 'तालीम' उर्दूत शिक्षण, तर मराठीत आखाडा किंवा सराव. उर्दू कागदात 'राझीनामा' वाचून एखाद्या विद्यार्थ्याने अमुक अधिकाऱ्याने पद सोडले असे मराठीत लिहिले, तर त्याच्या प्रबंधातील एक घटनाच खोटी ठरेल. बहुभाषिक असणे हे बळ आहे. परंतु प्रत्येक शब्द त्या-त्या भाषेच्या कोशात तपासून घेतल्यावरच ते बळ ठरते.

एका बनावट पत्राची कहाणी

आता या इतिहासाच्या सर्वांत दुःखद भागाकडे वळावे लागते. गावान यांनी कारभारात केलेल्या सुधारणांमुळे, विशेषतः मोठ्या प्रांतांचे विभाजन करून तरफदारांची सत्ता मर्यादित केल्यामुळे, दरबारातील अनेक सरदार दुखावले होते. दख्खनी व आफाकी या दोन गटांतील वैर तर जुनेच होते. मुहम्मद कासिम फरिश्ता याने दिलेल्या हकीकतीनुसार, विरोधकांनी गावान यांचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी सेवकाला मद्य पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला बहमनी राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिण्यात आला आणि ते पत्र सुलतानापुढे ठेवले गेले. सुलतानाने गावान यांना बोलावून विचारले. शिक्का आपला आहे, परंतु पत्र आपले नाही, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून घेतले गेले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्ली येथील छावणीत त्यांचा वध करण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते. नंतर सुलतानाला पश्चात्ताप झाला. पण उपयोग नव्हता. पुढच्याच वर्षी तोही वारला आणि काही वर्षांत बहमनी राज्याचे तुकडे होऊ लागले.

ज्या माणसाने आयुष्यभर पत्रलेखनाचे शास्त्र सांगितले, त्याचा जीव पत्रानेच घेतला. ही घटना विद्यार्थ्यांना केवळ हळहळण्यासाठी सांगू नये. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने तिच्यात मोठा धडा आहे. सुलतानाने शिक्का पाहिला, म्हणजे कागदाचे बाह्य लक्षण पाहिले. हस्ताक्षर कोणाचे, भाषा गावान यांची आहे काय, असे पत्र लिहिण्यात त्यांचा हेतू काय असू शकेल, ते कोणाच्या हातून कोणत्या वाटेने आले, हे प्रश्न त्याने विचारले नाहीत. इतिहासाच्या अभ्यासात ज्याला साधनांचे बहिर्गत व अंतर्गत परीक्षण म्हणतात, ते झाले नाही. ते झाले असते तर गावान यांच्याच पत्रसंग्रहाशी त्या पत्राची शैली ताडून पाहता आली असती.

हा धडा खुद्द या कहाणीलाही लागू पडतो. फरिश्त्याने आपला इतिहास विजापुरात सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केला, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. दुसरा इतिहासकार सैयद अली तबातबा हा अहमदनगरच्या निजामशाहीचा आश्रित होता. आणि निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा गावान यांचा प्रतिस्पर्धी मलिक हसन याचा मुलगा. कोण लिहितो, कोणाच्या आश्रयाने लिहितो आणि घटनेपासून किती दूर राहून लिहितो, हे सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याने दोघांपैकी कोणाचाही आधार देऊ नये.

बदलत्या राजभाषा आणि हुमनाबादचा विद्यार्थी

बहमनी काळापासून आजपर्यंत या भागाची राजभाषा अनेकदा बदलली. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार्सीच्या जागी उर्दू आली. इ.स. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग स्थापन झाला, इ.स. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले आणि इ.स. १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. विज्ञान, कायदा, वैद्यक, इतिहास हे विषय एका भारतीय भाषेतून विद्यापीठाच्या पातळीवर शिकविण्याचा हा थोर प्रयोग होता. पारिभाषिक शब्द घडविण्यासाठी समित्या बसल्या आणि वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा घडविण्याच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेत नेमकेपणाने सांगता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. त्याचबरोबर एक अडचणही मान्य केली पाहिजे. संस्थानातील बहुसंख्य लोकांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. त्यांच्या मुलांना उर्दू हीदेखील शिकून घ्यावी लागणारी भाषा होती.

इ.स. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियाचे माध्यम बदलले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे भाग झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात राहिला. कारभार कन्नडमध्ये आला. त्यामुळे हुमनाबादच्या एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा तर फार्सी फर्मान, मोडीतील वतनाचे कागद, उर्दू महसुली दप्तर आणि कन्नड नोंदी असे चारही प्रकार हाताळावे लागतात. हुमनाबादलगतच्या माणिकनगरचे श्री माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांची पदेही मराठी, कन्नड व उर्दू-हिंदी अशा अनेक भाषांत आहेत. येथे बहुभाषिकता केवळ कारभारात नव्हती. ती लोकांच्या भक्तीत आणि बोलण्यातही होती.

या वारशाचा उत्तम उपयोग कसा करता येतो, याचे उदाहरण याच जुन्या जिल्ह्यात आहे. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांचा जन्म निलंग्याचा. त्यांनी हैदराबादच्या मुलकी सेवेत नोकरी केली आणि उर्दू, फार्सी, मराठी, तेलुगू, कन्नड अशा भाषा आत्मसात केल्या. मोगल-मराठा इतिहासाची फार्सी साधने त्यांनी मराठीत आणली. त्यामुळे फार्सी न जाणणाऱ्या मराठी वाचकाला दुसऱ्या बाजूचे म्हणणे त्याच्या भाषेत वाचता आले. संप्रेषणाचे यापेक्षा मोठे कार्य कोणते असू शकेल?

आजचे नियम आणि जुना धडा

आज संशोधनातील प्रामाणिकपणाविषयी नियम झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने इ.स. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचे किरकोळ साम्य वगळून पुढे दंडाचे टप्पे ठरविले. इ.स. २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आवश्यक केला. इ.स. २०२२ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती काढून टाकली. घाईघाईने निबंध छापून घेण्याचा दबाव यामुळे कमी झाला.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु टक्केवारी मोजणारे यंत्र शब्दांचे साम्य दाखविते. खोटा संदर्भ, न वाचलेल्या ग्रंथाचा हवाला किंवा चुकीचा अनुवाद ते ओळखेलच असे नाही. अलीकडे संगणकाकडून तयार मजकूर मिळण्याची सोय झाल्यामुळे हा धोका वाढला आहे. आपण न लिहिलेल्या मजकुराखाली आपले नाव देणे म्हणजे कोऱ्या कागदावर आपला शिक्का उमटवून देणेच होय. त्यावर काय लिहिले गेले, याची जबाबदारी शेवटी शिक्क्याच्या धन्यावरच येते.

समारोप

बीदरच्या इन्शा-परंपरेतून संशोधक विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी सहज घेता येतील. महाविद्यालयांनी आणि शिक्षणसंस्थांनी संप्रेषणाचे वर्ग घेताना इंग्रजी संभाषणाबरोबर मसुदा लिहून तो दुसऱ्याकडून तपासून घेण्याचा सराव ठेवावा. एकच निष्कर्ष मार्गदर्शकासाठी, चर्चासत्रासाठी आणि सर्वसामान्य वाचकासाठी अशा तीन रीतींनी लिहून पाहावा. उर्दू, मराठी व कन्नड या भाषांतील समान शब्दांच्या भिन्न अर्थांची यादी विद्यार्थ्यांनीच तयार करावी. मोडी व फार्सी लिपीची तोंडओळख करून द्यावी. आणि दर सत्रात एक जुना कागद हाती देऊन, तो खरा कशावरून, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा.

हुमनाबादच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा वाटते की, आपली इंग्रजी कच्ची, म्हणून आपण मागे. इंग्रजी अवश्य शिकावी. ती आजच्या विद्याजगताची फार्सी आहे. परंतु घरात, बाजारात आणि शाळेत तीन-चार भाषा ऐकत वाढलेला हा विद्यार्थी ज्या कागदांपर्यंत पोहोचू शकतो, तेथे एकाच भाषेत वाढलेला संशोधक सहजासहजी पोहोचू शकत नाही. गावान यांचा मदरसा अर्धा पडला असला तरी त्यांची पत्रे वाचली जात आहेत, आणि त्या बनावट पत्राला बनावट म्हणूनच ओळखले जाते. हा न्याय पुढच्या इतिहासकारांनी साधने तपासून दिला. तेच काम आता या भागातील नव्या संशोधकांच्या हाती आहे.